भैरवगढचं मत नकाशावर कुठे दाखवायचं?

जुलै २०२२ मध्ये उज्जैनच्या महापौरपदाचा निकाल हजारपेक्षाही कमी मतांनी लागला. ५४ वॉर्डांच्या शहरात एवढासा फरक, म्हटल्यावर चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशीपासून हिशेब सुरू झाले: अमक्या मोहल्ल्याने तारलं, तमक्याने पाडलं. भैरवगढचं नावही त्यात येत होतंच. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला साहजिकच वाटतं की हे बोलणं नकाशावर तपासून बघावं. कालभैरव, सिद्धवट, छीपांची ठशांची छपाई आणि सेंट्रल जेल, अशी ही शिप्राकाठची वस्ती. तिने कधी कोणाला मत दिलं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. पण ते वाटतं तितकं सोपं नाही. का, ते सांगतो.

विधानसभा-लोकसभेचा केंद्रवार निकाल ‘फॉर्म २०’ या तक्त्यात मिळतो. त्यात मोहल्ल्याचं नाव नसतं, फक्त मतदान केंद्राचा क्रमांक आणि त्यापुढे उमेदवारांची मतं. क्रमांक कुठला ते कळायला त्याच निवडणुकीची केंद्रांची यादी शेजारी ठेवावी लागते. ‘त्याच निवडणुकीची’ हे महत्त्वाचं. प्रत्येक निवडणुकीआधी केंद्रांची फेरमांडणी होते, मतदार वाढले की केंद्र फोडतात, आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. एका केंद्रावरची कमाल मर्यादा अलीकडे १५०० मतदारांची होती, ती २०२५ मध्ये १२०० केली. म्हणजे पुन्हा सगळं हलणार. २०१३चा क्रमांक २०१८च्या त्याच क्रमांकाशी जोडून ‘इथे वारं फिरलं’ असं म्हणणारे नकाशे मी पाहिले आहेत. वारं नाही फिरलं, क्रमांक फिरला.

बरं, केंद्र सापडलं, तरी ते म्हणजे जमीन नव्हे. केंद्र असतं शाळेत. एकाच शाळेत दोन-तीन केंद्रं, आणि मतदार येतात आजूबाजूच्या गल्ल्यांतून. शाळेवर ठिपका काढला तर तो शाळेचा ठिपका झाला, मतदारांचा नाही. मतदार कुठून येतात ते मतदार यादीच्या ‘भागा’वरून आणि त्यातल्या अनुभागांवरून कळतं. यादीच्या सुरुवातीला ‘नजरी नक्शा’ असतो. नावाप्रमाणेच तो नजरेने काढलेला: एक रस्ता, एक मंदिर, दोन गल्ल्या, कधी नाला. प्रमाण वगैरे काही नाही. तरीही मला तो कागद फार मोलाचा वाटतो, कारण लोक ज्या खुणांनी वस्ती ओळखतात त्याच त्यात असतात. पण त्यावरून काटेकोर सीमा आखता येत नाही. आणि घर बदललेल्या माणसाचं नाव जुन्याच भागात राहतं ते वेगळंच.

मग वॉर्डांचा घोळ. विधानसभेच्या सध्याच्या सीमा २००८च्या परिसीमनाच्या, आणि त्या आदेशात शहराचं वर्णन त्या वेळच्या वॉर्डांनुसार आहे. नगरनिगमची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिचे वॉर्ड निराळे आखले जातात. जनगणनेचे वॉर्ड आणखी तिसरे. तिन्ही कागदांवर ‘वॉर्ड’ हाच शब्द, पण जमीन एकच असेल याची खात्री नाही.

भैरवगढपुरती एक खास अडचण आहे ती जेलची. जनगणनेत कैदी लोकसंख्येत मोजले जातात. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांना तेवढी टपालाने मुभा आहे. मतांना लोकसंख्येने भागून टक्का काढला, तर ही वस्ती उगाच मतदानाला आळशी दिसेल. टपाली मतं तशीही केंद्रांत वाटलेली नसतात, फॉर्म २० मध्ये ती वेगळी दाखवतात.

मागे जावं तर आधार आणखी पातळ होतो. १९५२ला आपण मध्यभारत राज्यात होतो. तेव्हा आणि १९५७लाही प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, शिक्का मारण्याची पद्धत १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत आली. पुढे काही निवडणुकांत निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळत. छापील अहवालांत मतदारसंघाचाच आकडा, आणि मतपत्रिका मुदतीनंतर नष्ट. २००४ला लोकसभेसाठी सगळीकडे यंत्रं आली आणि केंद्राचा आकडा उघड झाला.

मतपत्रिका मिसळण्याला कारण होतं: कोणत्या वस्तीने विरोधात मत दिलं हे कळू नये, तिचं पाणी-रस्ता अडू नये. यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ आयोगाने २००८ला सुचवलं, विधी आयोगानेही २०१५ला शिफारस केली. ते लागू झालं नाही. तेव्हा आपण इतिहासासाठी काढतो तो नकाशा उद्या दुसऱ्याच कामाला येऊ शकतो, हे धरून चालावं. समजा, एका केंद्रावर ९०० मतं पडली, ५४० एकाला, ३६० दुसऱ्याला. छीपांच्या गल्लीने काय केलं आणि मंदिराकडच्या घरांनी काय, हे यातून कळत नाही. कोणी सांगत असेल, तर तो त्याचा अंदाज आहे.

म्हणून मी पूर्ण रंग भरत नाही. भागाची सीमा तुटक रेषेने, जेलचा तुकडा कोरा, आणि खाली केंद्र क्रमांक, यादीचं वर्ष, वॉर्ड कुठल्या वर्षीचे ते. ‘भैरवगढचं मत’ असं न लिहिता ‘या केंद्रांवरचं मत’ लिहितो. नकाशा दिसायला फिका होतो, चालेल.

कोणाच्या घरी जुन्या निवडणुकांच्या मतदार याद्या पडून असतील, विशेषतः २००८च्या आधीच्या, तर त्या रद्दीत घालण्याआधी पहिली पानं आणि नजरी नक्शा असेल तर तोही स्कॅन करून मंडळाकडे पाठवा. आतल्या नावांची पानं नकोत.