वेल्डिंगनंतरचा ताप

गॅल्व्हनाइज्ड पाइपचे गेट दिवसभर वेल्ड केले आणि रात्री हुडहुडी भरली, तर तो मलेरियाच असेल असे नाही. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. त्यावरचे जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला, की काही तासांनी थंडीताप, अंगदुखी सुरू होते, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, म्हणून दुर्लक्ष होते. पण वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्येच ठरवले आहे. दूध प्यायल्याने फुप्फुसे साफ होत नाहीत. रुमालही धूर अडवत नाही. जोडावरचे जस्त आधी घासून काढावे, मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून काम करावे. धाप लागल्यास डॉक्टरांना आपले काम जरूर सांगावे.