चौथ्या मजल्यावरची मोटारशर्यत

वेगाचे वेड माणसाला केव्हा लागले हे सांगणे कठीण आहे; पण ते वेड भागवण्याच्या जागा मात्र काळाप्रमाणे बदलत गेल्या. बैलगाड्यांच्या शर्यतीला अख्खा गाव माळावर लोटतो. पुढे घोडे आले, सायकली आल्या, मोटारी आल्या आणि माळही अपुरे पडू लागले. आता ही शर्यत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, चौथ्या मजल्यावर, अभ्यासाच्या टेबलाशी येऊन थांबली आहे. थांबली म्हणायचे एवढ्यासाठीच, की टेबल जागचे हलत नाही. बाकी सारे ताशी दोनशे किलोमीटरने धावत असते!

आमच्या मीरा-भाईंदरला तर हा प्रकार फारच सोयीचा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मधूनमधून मिठागरे, आणि उरलेल्या जागेत इमारतीला खेटून इमारत. येथे मोटार उभी करायला जागा मिळाली तरी माणूस देवाला नारळ फोडतो; ती पळवण्याची गोष्ट दूरच. सकाळच्या लोकलमध्ये दोन्ही पाय टेकायला मिळाले की त्या दिवसाची शर्यत आपण जिंकली, असे समजणारी आम्ही माणसे.

अशा ठिकाणी राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा एके दिवशी फोन आला. ती मीरा रोडला राहते, मी भाईंदरला. म्हणाली, "दादा, ह्याने घरात मोटार आणलीय. तू येऊन बघ, आणि हे खूळ आहे की विद्या ते मला एकदा सांग."

'हा' म्हणजे माझा भाचा. वय वर्षे सतरा. त्याने दोन वर्षांच्या बक्षिसाच्या आणि भाऊबिजेच्या पैशांतून जुने स्टिअरिंग, तीन पेडले आणि त्यांवर चालणारा एक नवा खेळ घेतला होता. बहिणीची चिंता पैशांची नव्हती. त्यांच्याच इमारतीतला एक मुलगा मध्यरात्री मित्रांशी पैज लावून महामार्गावर मोटारसायकल पळवताना पडला आणि सहा महिने अंथरुणाला खिळला होता. भाच्याला श्रावणात अठरा वर्षे पूर्ण होणार, म्हणजे खऱ्या मोटारीच्या परवान्याचा हट्ट आलाच. हा खेळ खेळून पोरगा बेफाम होईल की काय, ही तिची धास्ती. मी बावीस वर्षे घोडबंदर रस्त्याने ठाण्याला मोटार नेतो-आणतो. तेव्हा निवाडा करायला घरात माझ्याइतका लायक माणूस नाही, असे तिने ठरवून टाकले.

खेळाचे नाव 'असेटो कोर्सा इव्हो'. 'असेटो कोर्सा' हे शब्द इटालियन. अर्थ असा, की शर्यतीसाठी गाडीची केलेली जुळणी. कर्तेही इटलीचेच. रोमजवळच्या वालेलुंगा शर्यतमार्गाशी ज्यांचे बिऱ्हाड, ती कुनोस सिमुलाझिओनी ही २००५ साली निघालेली कंपनी. तिचा पहिला 'असेटो कोर्सा' २०१४ च्या डिसेंबरात पुरा झाला. हा नवा खेळ १६ जानेवारी २०२५ रोजी लोकांच्या हाती आला तो अर्धामुर्धाच! पाच शर्यतमार्ग आणि वीस गाड्या तयार, बाकीचे मागाहून. इमारत पुरी व्हायच्या आधी राहायला जावे, आणि जिना आपल्यादेखत बांधला जावा, असा हा व्यवहार. मीरा रोडच्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही! मी बसलो तो फेब्रुवारीत, म्हणजे खेळ अगदी कोवळा असताना.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची हेच आसन. पेडले मागे सरकू नयेत म्हणून ती कपाटाच्या पायाला टेकवलेली. भाच्याने मला ह्युंदाईची एक चपळ छोटी गाडी दिली आणि इंग्लंडातल्या ब्रँड्स हॅच मार्गावर उभे केले.

पहिले आश्चर्य हाताला वाटले. मी समजत होतो की हे चाक जत्रेतल्या खेळण्याप्रमाणे नुसतेच फिरेल. पण ह्या चाकाच्या पोटात एक मोटर असते. पुढच्या टायरांवर किती ताण आहे याचा हिशेब संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो आणि तितका जोर ती मोटर तुमच्या हातावर लावते. वळणात चाक जड होत जाते. आणि टायर घसरू लागण्याच्या क्षणी एकाएकी हलके पडते. वाचकांपैकी ज्यांनी पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर गाडी उतरवली असेल त्यांना हे 'हलके पडणे' काय ते माहीत आहे. काळजात चर्र होते ते त्याच वेळी. ते चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली, हातात उतरले तेव्हा मी मनातल्या मनात त्या इटालियन मंडळींना नमस्कार केला.

दुसरे आश्चर्य रस्त्याचे. हे मार्ग कोणी चित्रकाराने अंदाजाने रेखाटलेले नाहीत. लेसरचा किरण सोडायचा, तो जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, आणि असे असंख्य बिंदू टिपून रस्त्याचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरवायचा, अशी ती मोजणी असते. म्हणून तिथल्या डांबराचा उंचवटा इथे तळहाताला लागतो.

कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका मार्गावर 'कॉर्कस्क्रू' नावाचे एक जोडवळण आहे. तेथे रस्ता दीडशे मीटरांच्या आतच सुमारे १८ मीटर खाली कोसळतो. म्हणजे जवळजवळ सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्याला! माथ्यावर पोहोचेपर्यंत पुढचा रस्ता दिसतच नाही. भाचा म्हणाला, "मामा, रस्ता शोधू नकोस. समोरच्या झाडावर नेम धर." तसे केले, आणि गाडी खाली उतरली. मागे उभ्या असलेल्या माझ्या बहिणीने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, हे मला नंतर कळले.

पण जे नाही तेही सांगितले पाहिजे. खऱ्या मोटारीत वेग आधी पोटाला कळतो, मग डोळ्याला. ब्रेक दाबला की अंग पुढे जाते, वळण घेतले की बाजूला कलते. इथे अंग ढिम्म! खुर्ची हलत नाही, त्यामुळे काट्याकडे पाहून वेग ओळखावा लागतो. खाऱ्या वाऱ्याचा वास नाही, इंजिनाची ऊब नाही, आणि मुख्य म्हणजे भीती नाही.

आता विद्येकडे वळू. भाच्याला मी विचारले, "ह्यातून तू शिकलास काय?" पोरगा वाणिज्य शाखेचा. त्याने फार सुरेख उत्तर दिले. "मामा, टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. ठरलेलाच असतो. ब्रेकवर सगळा खर्च केलास तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर आधी दाबायचा, मग तो सोडत सोडत वळायचे." बावीस वर्षे मोटार हाकणाऱ्या कित्येकांना हे असे मांडता येणार नाही. पुढे त्याने ब्रँड्स हॅचला दहा फेऱ्या मारून दाखवल्या. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद फेरीत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. बेफामपणाने असे जमत नाही. त्याला संयम लागतो.

मग इमोला आले. इटलीतला हा मार्ग ४.९ किलोमीटरांचा. ३० एप्रिल १९९४ रोजी येथे रोलांड रात्झेनबर्गर गेला, आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, तांबुरेलो नावाच्या वळणावर ब्राझीलचा आयर्टन सेना, तीन वेळचा जगज्जेता, भिंतीवर आदळून गेला. पुढल्या वर्षी ते भरधाव वळण मोडून तेथे वेग कमी करायला लावणारी नागमोडी आखणी केली गेली. भाच्याला हे सारे पाठ होते. ते सांगत असतानाच त्याची गाडी जराशी बाहेर गेली आणि कठड्यावर आदळली. त्याने एक बटण दाबले. गाडी नवीकोरी होऊन पुन्हा आपल्या जागी उभी!

माझी बहीण एवढेच म्हणाली, "हेच. हेच बटण मला नको वाटते."

त्या बटणाचे मला काय वाटते हे सांगण्याआधी मी भाच्याला एक प्रश्न घातला. "घोडबंदरच्या घाटात डावे वळण आले, तर गाडी कशी घेशील?" त्याने हवेत बोट फिरवून दाखवले. रस्त्याच्या उजव्या कडेला जायचे, तेथून आत वळायचे, डावी कड चाटायची आणि पुन्हा उजवीकडे बाहेर पडायचे. शर्यतीची हीच रीत. रस्त्याची सारी रुंदी वापरली की वळण सरळ होते. मी काही बोललो नाही. बोट अर्ध्यावरच थांबले. जरा वेळाने तोच म्हणाला, "पण समोरून ट्रक येत असेल."

"आणि कडेने कोणी चालत असेल," बहीण म्हणाली.

खेळाची आणि रस्त्याची सीमा नेमकी येथे आहे. शर्यतमार्गावर सगळे एकाच दिशेने जातात, पादचारी नाही, म्हैस नाही, रिक्षा नाही. तेथे प्रश्न एकच: माझे टायर किती धरतील? आपल्या रस्त्यावर पहिला प्रश्न हा, की दुसरा माणूस काय करील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हा खेळ उत्तम शिकवतो. दुसरा प्रश्न त्याच्या पुस्तकातच नाही.

म्हणून मी निवाडा दिला तो असा. विद्या आहे, पण अर्धी. चाक घरात राहू द्यावे. अठरा पुरी झाली की शिकाऊ परवाना काढावा आणि उरलेली अर्धी विद्या माझ्या शेजारी बसून घ्यावी, दिवसाउजेडी, हळू. त्याआधी खऱ्या मोटारीच्या चाव्यांना हात नाही. यात माझा करारीपणा थोडा आणि कायद्याचा जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हाही निराळा गुन्हा आहेच.

आणि पोराला खरोखरच शर्यतीत उतरायचे असेल तर? वाट आहे, अरुंद असली तरी. जॅन मार्डेनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली 'ग्रान टुरिझ्मो' ह्या खेळाची स्पर्धा जिंकून खऱ्या मोटारीत बसला, आणि २०१३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात त्याच्या संघाचा तिसरा क्रमांक आला. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली फोर्स इंडिया संघाच्या शोधमोहिमेत निवडला गेला आणि पुढे फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचून तेथे शर्यती जिंकला. मात्र शर्यतमार्ग म्हणजे चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूर, नाहीतर ग्रेटर नोएडा. मीरा रोडहून तेथवर जायचे तर भाडे, टायर, पेट्रोल आणि वर्षे, सारेच लागते. म्हणून चौथ्या मजल्यावरचे हे चाक क्षुल्लक समजू नये. ज्याच्या बापाची ऐपत नाही त्यालाही निदान दाराशी उभे राहता येते, ते ह्याच्यामुळे.

त्या पाचांतला शेवटचा मार्ग ऑस्ट्रेलियातला, बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा. डोंगरावरून जाणारा ६.२ किलोमीटरांचा हा मार्ग पाहून छाती दडपते. पण मला आवडली ती त्याची दुसरी गोष्ट. शर्यत नसते तेव्हा तो गावाचा साधा रस्ता असतो. त्यावर लोकांची घरे आहेत, दोन्ही बाजूंनी वाहतूक चालते, आणि वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर! ज्या वळणावर शर्यतीच्या दिवशी गाड्या वाऱ्यासारख्या जातात, त्याच वळणावरून एरवी कोणी भाजी घेऊन निमूटपणे घरी जातो. भाच्याने ती पाटी कागदावर लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवली आहे. ती श्रावणानंतरही तेथेच राहिली, तर बहिणीने निश्चिंत असावे.