पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळालेच नाहीत! यूपीआयच्या आत नेमकं काय घडतं?

भाजीवाल्याला ८० रुपये पाठवले. तुमच्या खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला, त्याचा स्पीकर मात्र गप्प. अशा वेळी आपण शिव्या घालतो त्या ॲपला. पण ते ॲप म्हणजे फक्त दर्शनी दरवाजा आहे. तुमचे पैसे बँकेत असतात, ॲपमध्ये नाही.

२०१६ साली एनपीसीआयने यूपीआय आणलं, तेव्हा सगळ्या बँकांच्या मध्ये एक सामाईक स्विच ठेवला. तुम्ही पिन टाकला की ॲप आपल्या भागीदार बँकेमार्फत त्या स्विचला निरोप देतं. स्विच तुमच्या बँकेला सांगतो, ‘८० रुपये वजा कर.’ तिकडून होकार आला की भाजीवाल्याच्या बँकेला सांगतो, ‘८० रुपये जमा कर.’

म्हणजे वजा आणि जमा ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या बँकांच्या कॉम्प्युटरवर होणारी. (बँकांचा आपापसातला हिशेब तर नंतर, एकगठ्ठा होतो.) खरी अडचण येते ती दुसऱ्या बँकेनं वेळेत उत्तर दिलं नाही तर. तिनं स्पष्ट नकार दिला तर सोपं आहे, पैसे परत. पण ती गप्पच राहिली तर? कदाचित पैसे जमा झालेही असतील आणि फक्त उत्तर वाटेत अडकलं असेल. लगेच परत केले तर दोघांकडेही पैसे! म्हणून व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो आणि नंतर नोंदी जुळवल्या जातात. अशा वेळी घाईनं पुन्हा पैसे पाठवू नका, दोनदा जाऊ शकतात.

पिनची रचना तर अजून हुशारीची आहे. पिन टाकायचा तो चौकोन एनपीसीआयनं पुरवलेला असतो, ॲपनं बनवलेला नाही. आकडे तिथेच कुलूपबंद होतात आणि तपासते तुमची बँक. हा पिन खात्यातून पैसे काढायला लागतो, घ्यायला कधीच नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं कुणी म्हणालं, की फोन ठेवा.

आणि अडकलेल्या पैशांचं काय? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही तक्रार न करता.