प्राग : टेकडीवरून खाली
मैत्रिणींनो, प्रागला आम्ही दोघं फिरलो ते यांचे गुडघे सांभाळून. किल्ला टेकडीवर, म्हणून सकाळीच २२ नंबरच्या ट्रामनं वर गेलो. २४ तासांचं तिकीट ट्राम-मेट्रो दोन्हींत चालतं. पहिल्या प्रवासाला यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर दंड! किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचा पाया १३४४ सालचा, पूर्ण झालं १९२९ मध्ये. उतरताना पायऱ्या टाळून नेरुदोव्हा रस्त्याचा उतार धरला, थांबत थांबत. पुढं चार्ल्स पूल : ५१६ मीटर, कठड्यांवर तीस पुतळे, वाहनांना बंदी. इथं आम्ही रेंगाळलो. पलीकडं जुन्या चौकात १४१० सालचं घड्याळ. तासाला सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकतात. खेळ थोडक्यात आटोपतो, गर्दी मात्र जत्रेची. पर्स पुढं धरा.