रहिमतपूर : पेठ, स्थानक आणि दैनंदिन ये-जा

प्रास्ताविक :
सकाळी रिकामे होणारे आणि सायंकाळी पुन्हा भरणारे शहरालगतचे गाव नागरी भूगोलात निवासी उपनगर म्हणून ओळखले जाते. मुंबई परिसरातील डोंबिवली हे त्याचे परिचित उदाहरण होय. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर येथूनही विद्यार्थी व नोकरदार साताऱ्यास ये-जा करतात. तथापि या गावास उपनगर म्हणता येत नाही. हा भेद कशामुळे निर्माण झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
रहिमतपूरच्या जुन्या वास्तूंमध्ये मशीद व मकबरा प्रमुख आहेत. मकबऱ्याचा संबंध मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीतील (१६२७-१६५६) सरदार रणदुल्लाखान याच्याशी जोडला जातो. मशिदीजवळ पाणी वर चढविण्यासाठी उंच मनोरा बांधलेला असून त्याच्या पश्चिमेस मोटेच्या धावेसारखा उतार आहे. पाण्याची अशी योजना केवळ खेड्यास लागत नाही. ती वस्तीच्या नागरी स्वरूपाची निदर्शक ठरते.

१८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, रहिमतपूर येथे नगरपालिका स्थापन झाली. मुंबई-ठाणे लोहमार्गावर पहिली आगगाडी धावली तीही याच वर्षी. म्हणजेच रहिमतपुरात आगगाडी येण्यापूर्वी सुमारे तीन दशके गावास स्वतःचा नागरी कारभार लाभला होता. उपनगरांचा क्रम सामान्यतः याच्या उलट असतो : आधी स्थानक, नंतर वस्ती आणि सर्वांत शेवटी नगरपालिका.

लोहमार्ग व रस्ता :
एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग या भागातून गेला. डोंबिवलीचे स्थानकही त्याच दशकातील. पुढे मुंबईचे मार्ग विजेवर आले आणि लोकल गाड्यांची संख्या वाढत गेली. पुणे-मिरज मार्ग मात्र प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांचा राहिला. शिवाय रहिमतपूरचे स्थानक गावाबाहेर आणि साताऱ्याचे स्थानक शहरापासून दूर, माहुलीजवळ. मार्ग रुंद झाल्यानंतरही ही अडचण टळली नाही. यावरून असे दिसते की, दैनंदिन ये-जा रुळांच्या जवळिकीवर नव्हे, तर गाड्यांच्या वारंवारतेवर अवलंबून असते. ती सोय येथे लोहमार्गाने नव्हे, तर १९४८ नंतर विस्तारलेल्या एस.टी.ने आणि विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाने केली.

सद्यःस्थिती :
गावाची पेठ व नगरपालिका टिकून असल्यामुळे सायंकाळी परतणारा मनुष्य केवळ निवाऱ्यास नव्हे, तर आपल्या गावी परततो. परंतु उच्च शिक्षण व नोकरी बाहेर असल्यास गुणवंतांचे स्थलांतर अटळ होते. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२० मध्ये रहिमतपूरचा. त्यांचे अध्यापन व लेखन मात्र नाशिकमध्ये बहरले.

समारोप :
अशा गावातील विद्यार्थिनीने प्रयोगशाळेचा दुपारचा तास करावा की सोडावा, हे पुष्कळदा शेवटची गाडी ठरविते. उपस्थितीची नोंद घेताना महाविद्यालये याचा विचार क्वचितच करतात. महाविद्यालयाचे वेळापत्रक एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळविणे हा उपाय अल्पखर्चिक आहे. त्यामुळे गाव सोडल्यावाचून शिकण्याची शक्यता वाढेल आणि रहिमतपूरसारखी जुनी पेठ केवळ मुक्कामाचे ठिकाण होण्यापासून वाचेल.