तापट इंजिनाची शुश्रूषा

घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, तिच्यातून निघणारी वाफ आणि ओढ्यावरून डब्याने पाणी आणणारे यजमान, हे दृश्य एके काळी खंडाळ्याच्या प्रवासाचा भागच होते. आता ते जवळजवळ दिसेनासे झाले आहे. आजची मोटार ऐन मे महिन्यात चार माणसे, त्यांचे सामान आणि वर आंब्याची पेटी घेऊन बोरघाट चढते, आणि तपमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलत नाही. मोटारीला ताप येतो ही गोष्टच आपण विसरत चाललो आहोत.

पण एक जागा अशी आहे, की तिथे नवी कोरी मोटारही दहा मिनिटांत फणफणते. ती जागा म्हणजे शर्यतीचा ट्रॅक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे असा एक ट्रॅक आहे. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. गाडी दामटण्याची हौस असलेली तरुण मंडळी आपलीच गाडी थोडी सुधारून घेऊन तिथे जातात आणि पैसे भरून वीस-वीस मिनिटे फेऱ्या मारून येतात. यात कोणाला काय आनंद मिळतो, असे विचारणाऱ्यांनी क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्याचा विचार करावा.

माझा भाचा या मंडळींतलाच. त्याची गाडी म्हणजे एक लहानशी टर्बो हॅचबॅक. हिची ताकद त्याने वाढवून सुमारे दीडशे अश्वशक्तीपर्यंत नेली आहे. गेल्या वर्षी तिचे पाणी उकळले, सिलिंडरचे हेड वाकले, गॅस्केट गेले आणि त्याबरोबर त्याची दोन वर्षांची शिल्लकही गेली. आणखी एक इंजिन गेले, तर हा नाद कायमचा सोडीन, असे त्याने आईला कबूल केले होते. तेवढ्यावर ताईचे समाधान कसे होणार? तिने मला फोन केला. "तू इंजिनिअर ना? मग त्याला सांग, की हे आत्ताच बंद कर म्हणून."

भाचा म्हणाला, "मामा, बंद कर म्हणण्याआधी तुम्ही एकदा आकडे तरी बघा."

ज्याचा जन्म कारखान्यात गेला त्याला 'आकडे बघा' म्हटल्यावर तो काय करणार? मी आकडे पाहिले.

वाचकांनीही थोडे पाहावेत. पेट्रोल जाळून जी शक्ती निर्माण होते, तिच्यातील साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बराच भाग धुराड्यावाटे जातो, आणि बराच पाण्यात नि तेलात उतरतो. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले, की पाण्यात साठ-सत्तर किलोवॉट उष्णता उतरते. न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली तीसेक गीझर एकदम सुरू! महामार्गावर शांतपणे जाणाऱ्या गाडीला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते, म्हणून ती तापत नाही. ट्रॅकवर मात्र पाय ॲक्सिलरेटरवरून उठला, की ब्रेकवर जातो आणि लगेच पुन्हा ॲक्सिलरेटरवर. इंजिनाला दम खायला सवडच नसते.

त्यात टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात कोंबते. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. इथेही तेच होते. तीस अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, तर ती सव्वाशे अंशांच्या घरात जाते. इतकी गरम हवा सिलिंडरात गेली, तर पेट्रोल अवेळी भडकते. ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा देतो आणि ताकद उतरते. म्हणून ही हवा आधी इंटरकूलरमधून निववून घेतात. आता मेख अशी, की भाच्याच्या गाडीत हा इंटरकूलर बसवला आहे रेडिएटरच्याच पुढे. त्यातून तापून निघालेला वारा मागच्या रेडिएटरच्या वाट्याला येतो. पहिल्या पंगतीचे उष्टे दुसऱ्या पंगतीला वाढावे, तसा प्रकार!

या दुखण्याने मोठमोठ्यांना छळले आहे. १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे रेनो कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत पहिली टर्बो मोटार उतरवली. ती पिवळी गाडी पांढरा धूर सोडत इतक्या वेळा बंद पडली, की इंग्रजांनी तिचे नाव 'पिवळी चहादाणी' ठेवले. दोन वर्षांनी, १९७९ साली, दीजाँ येथे त्याच कंपनीच्या टर्बो मोटारीने झाँ-पिएर झाबुई याच्या हाती फ्रान्सची शर्यत जिंकली, तेव्हा चहादाणीचा विनोद थांबला.

भाच्याकडे उपाय सुचवणारे पुष्कळ होते. तापाच्या माणसाला जसा जो तो औषध सांगतो, तसेच हे. एक म्हणाला, थर्मोस्टॅट काढून फेक. हा सल्ला आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. पुष्कळ इंजिनांत तोच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला, की काही पाणी रेडिएटरचे तोंड न पाहताच इंजिनात परत जाते. दुसरा म्हणाला, पाणी सावकाश फिरव, रेडिएटरमध्ये थांबले म्हणजे निवेल. अहो, पण तिथे थांबलेल्या पाण्याचे भाऊबंद इंजिनातही तितकेच थांबून तापत असतात, त्याचे काय? तिसऱ्याने दुप्पट जाडीचा महागडा रेडिएटर सुचवला. जाड रेडिएटरच्या मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मिळते. शिवाय वाऱ्याला अडथळा वाढतो.

माझे मत असे पडले, की पाण्याच्या बाजूला फारसा दोष नाही. झाकण आपल्या प्रेशर कुकरच्या तत्त्वाचे आहे. एका वातावरणाचा जादा दाब धरला, की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते. (म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. चेहरा भाजून घेतलेला एक मिस्त्री मी स्वतः पाहिला आहे.) कूलंटमधले ग्लायकॉल मात्र आम्ही काढले आणि गंज न धरण्याचे औषध घालून शुद्ध पाणी भरले. पाणी गोठण्याची भीती चेन्नईत नाही, आणि उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी सरस. शिवाय ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले, तर मागून येणाऱ्याची गाडी घसरते. परदेशात पुष्कळ ठिकाणी शर्यतीत त्याला मनाई आहे ती याचसाठी.

खरा प्रश्न होता वाऱ्याचा. तेवढी उष्णता न्यायची, तर दर सेकंदाला दीड घनमीटरच्या आसपास हवा रेडिएटरच्या जाळीतून गेली पाहिजे. घरातल्या लोखंडी कपाटात मावणार नाही इतकी! आम्ही बंपर उतरवून पाहिले, तर रेडिएटरच्या चहूबाजूंनी दोन-दोन बोटे फट. हवा कशाला जाळीतून घुसते? ती मोकळ्या फटीतून पळ काढते. भाच्याने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, मी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत हळूहळू रुंदावत जाणारा बोगदा तयार केला. रुंदावताना हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो, आणि ती साऱ्या जाळीत सारखी शिरते. हे काही माझे डोके नव्हे. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे मेरेडिथ नावाच्या इंजिनिअरने विमानांसाठी याचे गणित मांडले होते, आणि युद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली असाच बोगदा होता.

चेन्नईला पुन्हा गेलो. पूर्वी चौथ्या फेरीला ११८ वर जाणारा आकडा आता १०९ वर थांबला. भाचा खूष, मी नव्हतो. आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट कुठे होती? बॉनेटखाली ती कोंडत होती. काही हौशी मंडळी बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलतात. आम्ही रंगीत पाण्याची पारदर्शक नळी वापरून दाब मोजला, तेव्हा दिसले, की पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा अडून दाब वाढलेला असतो. म्हणजे तिथून हवा निघण्याऐवजी आतच यायची! दाब सर्वांत कमी होता तो बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडा मागे. तिथेच झरोके पाडायचे ठरले.

चांगल्या रंगवलेल्या बॉनेटला करवत लावताना भाच्याचा हात थरथरला. ताई जिन्यातून पाहत होती. "मी त्याला समजवायला बोलावलं तुला, आणि तू भोकं पाडायला मदत करतोयस?" एवढे बोलून ती आत गेली, थोड्या वेळाने चहा मात्र दोघांना आला.

पुढच्या खेपेस भर दुपारी पूर्ण वीस मिनिटे गाडी पळाली. आकडा १०३ वर गेला आणि तिथेच राहिला. शेवटची फेरी भाच्याने मुद्दाम सावकाश मारली, कारण लालबुंद टर्बो एकदम बंद केला, तर त्याच्या बेअरिंगमधले तेल जळून त्याचा कोळसा होतो. त्याच संध्याकाळी त्याने ताईला आकड्याचा फोटो पाठवला. तिचे उत्तर आले, "जेवलास का?"

तेल मात्र अजून १३० च्या पुढे जाते. त्यासाठी वेगळा ऑइल कूलर बसवायला हवा, आणि त्याला पुढच्या बाजूला आता तसूभरही जागा उरलेली नाही. डाव्या चाकाच्या पुढे, फॉग लॅम्पच्या जागी तो बसेल असे भाचा म्हणतो. मला उजवी बाजू पसंत आहे, कारण तिकडून बाहेर पडणाऱ्या हवेला वाट सरळ आहे. या रविवारी पुन्हा बंपर उतरवायचा आहे.