ब्रेकची पत्रिका जुळते का?

आपल्या आपटा स्टेशनवर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) चा शेवटचा ट्रेनचा सीन शूट झाला, हे हॉस्टेलवर नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. तिथे गाडी थांबली नाही म्हणून शेवट गोड झाला. रस्त्यावर नेमकं उलटं असतं. गाडी थांबली तरच शेवट गोड! म्हणून हा लेख ब्रेकवर. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

विषय निघाला एका आरएक्स १०० वरून. आमच्या बॅचमधल्या एकाला ती मामाकडून मिळाली. यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनत होती. पळायला एकदम चपळ, पण पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. आता त्याला पुढे डिस्क बसवायची आहे. रोज कोणीतरी नवीन सल्ला देतं: अमक्या गाडीचा कॅलिपर घे, तमक्याची डिस्क घे, मास्टर सिलिंडर कुठलाही चालतो. त्या गाडीवर मागे बसून कर्नाळ्याची खिंड उतरायची वेळ माझ्यावरही येते, म्हणून मी वही घेऊन बसले.

आधी डिस्क कशाला हवी ते बघू. ड्रममध्ये शू आतून घासतात. उष्णता आत कोंडते आणि उतारावर सतत ब्रेक धरला की पकड कमी होत जाते. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि पाणी ड्रममध्ये शिरलं, तर शू सुकेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही. डिस्क उघड्यावर असते, लवकर थंड होते आणि पाणी फेकून देते. फरक आकड्यांत बघा. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समजा एका गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ४ मीटरने कमी होतो आणि दुसरीचा ६ मीटरने. पहिली थांबायला सुमारे ३५ मीटर घेईल, दुसरी २३. मधले १२ मीटर म्हणजे जवळजवळ एक अख्खी एसटी बस!

पण हा फायदा सगळे पार्ट एकमेकांना जुळले तरच मिळतो. लग्नाला पत्रिका बघतात तशी इथेही बघावी लागते.

पहिला गुण, चाक आणि फोर्क. ड्रमच्या हबवर डिस्कचे बोल्ट लावायला जागाच नसते आणि जुन्या फोर्कवर कॅलिपर धरायला कान नसतात. गॅरेजमध्ये "वेल्डिंग मारून देतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नमस्कार करून निघा. ब्रेक दाबल्यावर सगळा जोर त्याच कानांवर येतो. त्यामुळे डिस्कवाल्या एकाच गाडीचा फोर्क, हब, एक्सल आणि कॅलिपर एकत्र घ्यावा. एक्सलची जाडी, फोर्कची लांबी आणि हँडलच्या कोनसेटचं माप आपल्या गाडीला बसतं का ते व्हर्नियरने मोजा, नुसत्या डोळ्याने नाही.

दुसरा गुण, डिस्कचा व्यास. २४० मिमीच्या जागी २६० मिमीची डिस्क लावली तर पॅड सुमारे १० मिमी बाहेर सरकतो, म्हणजे ब्रेकचा टॉर्क साधारण १० टक्के वाढतो. पण कॅलिपरही तेवढाच बाहेर न्यावा लागतो, नाहीतर तो डिस्कवर चढतच नाही. सेकंडहँड डिस्क घेताना तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. त्याहून पातळ असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा: मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांचं प्रमाण. हा फर्स्ट इयरचा पास्कलचा नियम. समजा मास्टरचा पिस्टन १२.७ मिमीचा आणि कॅलिपरचा एकच पिस्टन ३४ मिमीचा. क्षेत्रफळं साधारण १२७ आणि ९०८ चौरस मिमी, म्हणजे जोर सुमारे ७.२ पट होतो. आता "मोठा म्हणजे चांगला" म्हणून १५.९ मिमीचा मास्टर लावला तर हेच प्रमाण ४.६ वर येतं. लिव्हर हाताला दगडासारखा घट्ट लागतो, वाटतं काय मस्त ब्रेक! प्रत्यक्षात तेवढ्याच जोराला पॅडवरचा दाब ३६ टक्क्यांनी कमी झालेला असतो. उलट, मास्टर फारच लहान घेतला तर लिव्हर मुठीला टेकतो तरी गाडी पूर्ण थांबत नाही. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला कॅलिपर असेल तर हिशोबात एकाच बाजूचे पिस्टन धरा.

चौथा गुण, होज आणि बोल्ट. होज एवढा लांब हवा की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं आणि फोर्क पूर्ण उघडला तरी ताणला जाणार नाही. बँजो बोल्ट दिसायला सारखे असतात, पण १० मिमीच्या बोल्टमध्ये १.० आणि १.२५ असे दोन पिच मिळतात. जबरदस्तीने पिळला तर आटे गेले आणि ऑइलही गेलं. वॉशर प्रत्येक वेळी नवीन.

पाचवा गुण, ब्रेक ऑइल. मास्टरच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलचे, तर डॉट ५ सिलिकॉनचं. नावं जवळची असली तरी डॉट ५ यांच्यात मिसळू नका. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मग उतारावर ऑइल उकळून वाफ होते आणि लिव्हर दाबून काहीच होत नाही. म्हणून दोन वर्षांनी बदला, सीलबंद डब्यातलंच घ्या. सिस्टिममध्ये इंजिन ऑइल किंवा पेट्रोल कधीही नको, रबरी सील फुगतात.

एवढं जुळलं तरी दोन गोष्टी राहतात. पुढच्या लिव्हरचा ब्रेक लाइट स्विच चालू हवा. आणि कायदा! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी पनवेलच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

आता मी त्याला दिलेला सल्ला. आधी नवे शू, नवी केबल आणि नवा टायर. शेवटी गाडी थांबवतो तो टायर. तो गुळगुळीत असेल तर डिस्क फक्त चाक लवकर लॉक करेल. जुनी गाडी एवढ्यानेच बरीच सुधारते. त्यानंतरही डिस्क हवीच असेल आणि परवानगी मिळाली, तर एकाच गाडीचा पूर्ण सेट घे: फोर्क, चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर, होज. थोडा महाग पडेल, पण तो कंपनीच्या इंजिनियरांनी जुळवून दिलेला असतो. बसवल्यावर हवा पूर्ण काढ आणि मोकळ्या मैदानात ताशी ३० किमीवरून हळूहळू थांबत वीसेक वेळा पॅड बसवून घे. मगच हायवे.

त्याने शू आणि टायर घेतलेत, सेटसाठी पैसे साठवतोय. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात असाच किडा वळवळत असेल, तर पार्ट घ्यायच्या आधी व्हर्नियर घेऊन पार्किंगमध्ये या. मोजायला मी आहेच!